आमंत्रणाच्या शिव्या

सुमारे पंधरा वर्षं मी लोकांच्या लग्नांत जाऊन शिव्या दिल्या. लोकांनी मला मानानं बसवून त्या ऐकल्या, वर जेवू घातलं, लुगडं नेसवलं आणि पुढच्या लगीनसराईचं आमंत्रण दिलं. एवढ्या सन्मानानं शिव्या द्यायला पुढाऱ्यांनाही मिळत नसेल.

माझा खरा धंदा बांगड्यांचा. मी रनाळ्याची कासारीण. आमचे हे आणि मी बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून तापीच्या अलीकडची-पलीकडची गावं फिरायचो. लग्न ठरलं की नवरीचा चुडा भरायला बोलावणं यायचं. बांगडी भरताना बाईचा हात माझ्या हातात, आणि हात दाबला की बाई बोलते. कोणाची सून नांदत नाही, कोणाच्या नवऱ्यानं मिशीला काजळ लावलं, सगळं मला फुकट कळायचं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून मी गाणी जोडायला लागले.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न लागलं, मुलाकडचे जेवायला पंगतीत बसले, की मुलीकडच्या बाया एका बाजूला बसून त्यांच्यावर गाणी म्हणायच्या. आमच्याकडे त्याला सरळ गाळी म्हणायचे, गुजरांच्या बाया फटाणे म्हणायच्या. व्याह्याचं नाव घ्यायचं, विहिणीचं घ्यायचं, नवरदेवाला तर सोडायचंच नाही. त्यांनी खाली मान घालून जेवायचं आणि मिशीत हसायचं. मुलाकडच्या बायांना उत्तर द्यायची मुभा. तयारीची बाई नसली तर त्या बाहेरून आणायच्या. आता लग्नात लाउडस्पीकर लागतो. त्याचा आवाज मोठा असतो, पण त्याला व्याह्याचं नाव ठाऊक नसतं.

माझं एक गाणं पुष्कळ गावांत फिरलं होतं.

नवरदेव उना घोडावर, घोडा बठना खाले,
घोडा म्हने नवरदेवले, आते तू उचल माले.

नवरदेव जाडा असो की काडी, हे चालायचंच. काडी असला तर जास्त चालायचं. विहिणींसाठी दुसरं होतं.

ईहीन उनी मिरवत, नाकमा नथ मांगेल,
नथवाली बी वऱ्हाडमा शे, नजर तिनी टांगेल.

हे म्हटलं की वऱ्हाडातल्या दोन बायका तरी एकमेकींकडे बघायच्या. उसनी नथ नाही असं वऱ्हाड मी पाहिलं नाही.

या कामाचे कायदे होते. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. मूल नसलेल्या बाईला हात लावायचा नाही. देवानं दिलेल्या अंगावर बोलायचं नाही, माणसानं अंगावर चढवलेल्या वस्तूवर वाटेल ते बोलावं. पागोटं, मिशी, चाल, ढेकर हे सगळं आपलं. हा कायदा मी एका मुलीला दुखवून शिकले. नवरदेवाची बहीण होती, अंगानं भरलेली. मी तिच्यावर एक ओळ म्हटली आणि ती ताट तसंच टाकून बैलगाडीत जाऊन बसली, ती वऱ्हाड निघेपर्यंत उतरली नाही. ती ओळ मी इथं लिहिणार नाही.

आणि गंमत अशी, की ज्यांच्यावर गाणं होत नसे ते जास्त दुखावायचे. तापीकाठचे एक गुजर पाटील, केळीचे मोठे बागाईतदार, मला विहिरीपाशी गाठून म्हणाले, "कासारीन, मांगना लगीनमा तू मन्हा धाकला भाऊवर तीन गाना म्हनात. मन्हावर एक बी नही. गावमा मी तोंड कसं दखाडू?"

मी म्हटलं, "आबा, तुमनामा काही खोडच नही, मी काय गाऊ?"

त्यांनी जरा विचार केला. "मी घोरस," म्हणाले. "भलता घोरस. गोठामा बैल दावं तोडस. लिखी ले."

मी लिहून घेतलं. कारण माझ्याजवळ वही होती, आणि त्या वहीचीच मला घमेंड होती. मी फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, शिकलेली. बाकीच्या बाया तोंडी गायच्या, मी वही मांडीवर ठेवून. घोरण्याचं पान, पागोट्याचं पान, विहिणींची चार पानं. लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरताना नावं विचारायची आणि रिकाम्या जागी भरायची. लोक म्हणायचे, कासारीण लिहिलेलं गाते, म्हणजे विद्वान. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग मला म्हसावदची सुंदरआक्का भेटली.

शहाद्याजवळच्या एका गावी लग्न होतं. मुलीकडून मी, आणि मुलाकडच्यांनी म्हसावदहून तिला आणलेलं. नाव सुंदर, पण चेहरा वाळत घातलेल्या मिरचीसारखा. वय साठीकडे झुकलेलं, अक्षरओळख नाही. ती खांबाला टेकून बसली होती आणि पाय लांब केले होते. मी मनात म्हटलं, हिला दोन पानांत गुंडाळते.

वैशाखाचा वारा सुटलेला. मी घोड्याचं गाणं म्हटलं, पंगत हसली. मी बोटाला थुंकी लावून पान उलटायला गेले, तेवढ्यात वाऱ्यानं चार पानं एकदम उलटली. मी नजर न उचलता पुढचं म्हटलं, ठसक्यात, व्याह्याचं नाव घेऊन. नाव मागच्या आठवड्यातल्या व्याह्याचं होतं. पंगतीतले लोक इकडे तिकडे बघायला लागले, की हा उत्तम पाटील कोण आणि तो जेवायला कुठं बसलाय.

सुंदरआक्कानं पायसुद्धा जवळ घेतले नाहीत. तशीच बसून तिनं सूर लावला.

वही दखी दखी गास बाई, बोटले लावस थुकी,
एक पान उलटी गये, अन् कासारीन गयी चुकी.

मुलाकडचे हसले ते ठीक. मुलीकडचे हसले. मला लुगडं नेसवणारी नवरीची आई डोळ्यांना पदर लावून हसली. आचारी हसले. मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले आमचे हेसुद्धा हसले, आणि मी बघितल्यावर खोकल्याचं सोंग करायला लागले.

त्या लगीनसराईत मी पुन्हा गायले नाही. घसा बसलाय असं सांगितलं. पण बांगड्या तर भरायच्याच होत्या. मी हात हातात घेतला की बाई मान वाकडी करून गुणगुणायची, "बोटले लावस थुकी." पोरीबाळी मला बघून जीभ काढून बोट ओलं करायच्या. शेवटी मी ह्यांना म्हटलं, आपण मोलगीच्या बाजाराला जाऊ. तिकडं डोंगरात बोली वेगळी, आपलं गाणं कोणाला कळणार नाही. अर्धी वाट चालत, अर्धी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही निघालो. वळणावर जीपवाल्यानं गिअर बदलला आणि आपल्याच तंद्रीत गायला लागला, "एक पान उलटी गये..." मी माळा तोंडापुढे धरून बसले.

वरवर हे हसण्यावारी न्यायचं होतं, पण आतून मी ढासळले होते. मला वाटायला लागलं की आपण गाणी जोडतच नव्हतो, रिकाम्या जागा भरत होतो, शाळेत भरतात तशा. खरी बाई ती. समोर जे घडलं ते तिनं क्षणात गाण्यात ओतलं. आपल्याला ते या जन्मी येणार नाही. मी तिची नक्कल करून बघितली. तिच्यासारखा जाडा आवाज लावला, तर घसा खरोखरच बसला. पाय लांब करून बसून बघितलं, त्यानं फक्त मुंग्या आल्या. एका लग्नात फारच गळ घातली म्हणून, चूक नको म्हणून देवाचं भजन म्हटलं. व्याह्यांनी हात थांबवून शेजारच्याला हळूच विचारलं, "घरमा कोनी गये का?"

वर्षभर असं गेल्यावर मीच एकदा ह्यांना म्हटलं, "म्हसावदला जाऊ."

"धंद्याला की भांडायला?" ह्यांनी विचारलं.

"बघू."

सुंदरआक्का ओट्यावर बसून डाळ निवडत होती. मला तिनं ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. "कोन गावनी?"

"रनाळानी."

"वहीवाली?"

"हो, वहीवाली. हात द्या आक्का, बांगड्या भरते."

तिनं सूप बाजूला ठेवून हात पुढं केला. गाठी आलेला, ताठ हात होता. असा हात मऊ करायला वेळ लागतो, अंगठ्याखालचं मांस हळूहळू दाबून आत घ्यावं लागतं. मी जरा जोरातच दाबला. मग विचारलं, "ते गाणं तुम्ही तठेच बसल्या बसल्या जोडं का?"

"कोनतं?"

"तुम्हाला माहीत आहे कोणतं."

ती हसली नाही. "तठे कोन जोडस? पंधरा दिन दळता दळता जोडं. तुन्हा गावनी एक पोर आठे देयेल शे. तिनी सांगं, कासारीन वही दखी गास, बोटले थुकी लावस. मी जोडी ठेवं."

बांगडी माझ्या बोटांत होती, ती तिथंच थांबली. वर्षभर मी जिच्या पाया पडायच्या बेतात होते ती बाई माझ्यासारखीच तयारी करून आली होती, फक्त तिनं ती डोक्यात ठेवली होती. मला राग आला, आणि त्याच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

"आणि पान उलटलं ते?" मी विचारलं.

"ते वारानं करं. मन्ही दुसरी ओळ येगळी व्हती. पान उडनं, तू चुकनी, मी ती ओळ टाकी दिन्ही अन् नवी लाई."

"पहिली कोणती होती?"

"नही सांगस. कामले येई." मग हात जरा सैल सोडून म्हणाली, "तू चांगली जोडस. घोडानं गानं मी बी म्हनस, तुन्हं नाव घेत नही. पन तू वही दखस, मानसं दखस नही. अन् आते हात तोडस का मन्हा?"

मी बांगडी वर चढवली. आतापर्यंत कुणीच मला माझ्या कामातलं काही शिकवलं नव्हतं. ही शिकवत होती, आणि वर माझं घोड्याचं गाणं चोरल्याचंही सांगत होती. मी वही घरी जाऊन फडताळात वर टाकली.

माणसं बघायची, हे मी इतकं मनावर घेतलं की विचारायचं विसरले. त्याचं फळ हिरजी पाटलांच्या घरी मिळालं.

हिरजी पाटील तापीकाठचे गुजर शेतकरी, त्यांची मुलगी मथुरा उजवायची होती. आदल्या दिवशी मी तिचा चुडा भरला. मऊ, घामेजलेला हात. सासरचं गाव लांबचं, मोठं घर, आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, मन्हा सासरावर जरा जपीसन म्हना." मी म्हटलं, भिऊ नको, शिव्या खाल्लेला सासरा मवाळ होतो. एरवी मी तिथंच सासऱ्याची सगळी माहिती काढली असती. त्या दिवशी एक शब्द विचारला नाही. उद्या डोळ्यांनी बघू, अशी ऐट.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मुलाकडच्या बायांत खांबाला टेकून, पाय लांब करून सुंदरआक्का. मी वही नेली नव्हती. मांडी रिकामी होती, पण पहिली दोन-तीन गाणी झकास गेली. समोर दिसेल ते उचलायचं आणि गाण्यात टाकायचं. एकाच्या पागोट्याचं टोक पुढच्या ताटात लोंबत होतं, ते घेतलं. आक्कानं उत्तर दिलं, मी प्रत्युत्तर दिलं. वाढपी थांबून ऐकायला लागले. मला वाटलं, जमलं.

मग माझी नजर व्याह्यांवर गेली. छगन पाटील, मथुरेचे सासरे. चैत्राचं ऊन कनातीतून भाजत होतं आणि हा माणूस अंगावर जाड शाल घेऊन बसला होता. मला वाटलं, नव्या शालीचा तोरा. वस्तूवरच बोलायचं, अंगावर नाही, कायद्यातच होतं. मी सूर लावला.

चैतना उनमा शाल पांघरी, याहीले वाजस थंडी,
हात काढा हो शालबाहेर, लपाडात का अंडी?

अंड्याला न शिवणाऱ्या गुजरांच्या पंगतीत अंड्याचं नाव. मुलीकडच्या बाया फुटल्याच. पण मुलाकडून एकही आवाज आला नाही. छगन पाटलांनी हातातला घास ताटात ठेवला. तेव्हा मला दिसलं की तो डावा हात होता. उजवा शालीत होता, आणि ते सकाळपासून डाव्या हातानं जेवत होते, पाणी पीत होते, नमस्कारही अर्धाच करत होते. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं.

शेजारच्या बाईनं माझी मांडी चिमटली. "त्यास्नी बोटं गयात वं," ती पुटपुटली. "हिवायामा, ऊसना चरकमा, रस काढता काढता."

छगन पाटील उभे राहिले. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी ताटं पुढं सरकवली आणि तेही उठायला लागले. वऱ्हाड उपाशी उठणं म्हणजे काय ते सांगायला नको. हिरजी पाटील हात जोडून धावले, ते मधल्या पंक्तीत अडकले. आणि माझ्या डोळ्यांपुढं मथुरेचा घामेजलेला हात आला. मी शिव्या देऊन रनाळ्याला जाणार होते, ती त्या घरात जाणार होती.

मी आक्काकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, कुंभार मडकं वाजवून बघतो तशी.

तयार असं काही माझ्याजवळ नव्हतं. वही फडताळात, आणि असती तरी तिच्यात हे पान नव्हतं. मी उभी राहिले. गाणारी बाई उभी राहत नाही, पण मी राहिले, आणि तोंडात येईल ते म्हटलं.

कासारीनले डोया नही, जीभच तेवढी मोठी,
याही तुम्ही जेवा निवांत, उपाशी ऱ्हावो ती खोटी.

आवाज चिरकला होता. कोणी हसलं नाही. मी तेच पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा छगन पाटलांनी डाव्या हातानं थांबायची खूण केली. मग त्यांनी शाल खांद्यावरून काढली, घडी केली आणि पाटावर ठेवली. उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं. तो हात त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"कासारीन," ते म्हणाले, "या हातले बांगडी बसी का?"

मी म्हटलं, "बसी आबा. पण तुम्ही पाटील माणूस."

"भर."

पुरुषाच्या हातात बांगड्या म्हणजे आमच्याकडे सर्वांत मोठी शिवी. ती मी कधी गाण्यातही वापरली नव्हती. मी माळ घेऊन गेले, ताटासमोर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. जखमेची कातडी अजून लालसर होती. दाबायची गरजच पडली नाही. हात इतका अरुंद झाला होता की मथुरेच्या मापाची हिरवी बांगडी सरळ मनगटापर्यंत गेली. दुसरी भरताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "चार महिना व्हयनात. घरमा बी या हातकडे कोनी दखत नही."

मग ते पाटावर बसले, ताट जवळ ओढलं आणि त्याच हातानं, अंगठ्यानं आणि बोटानं, मांड्याचा एक तुकडा मोडला. बराच सांडला. पण खाल्ला. बांगड्या ताटाच्या कडेवर वाजत होत्या. पंक्तीच्या टोकाला कोणीतरी खुदकन हसलं, छगन पाटलांनी त्याच्याकडे बघून मिशीवरून तो हात फिरवला, आणि मग सगळी पंगत हसत सुटली. वाढपी पळायला लागले. वऱ्हाड जेवलं.

मी चुलवणामागं जाऊन बसले. बायांनी पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला, एक-दोघी माझ्यासाठी रडल्याही. थोड्या वेळानं सुंदरआक्का आली. मला वाटलं, आता ही काही मायेचं बोलणार. ती गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसली.

"दुसरी ओळ कच्ची व्हती," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आक्का, वऱ्हाड उठलं होतं."

"वऱ्हाड उठो नही ते बठो. पहिली ओळ पक्की शे. मी बी अशी लाई नही कधी. पन 'खोटी' तठे काबर उनं? तू चुकनी, खोटी काय बोलनी? ते 'मोठी'ले जुळाले उनं."

वाईट गोष्ट अशी होती की तिचं खरं होतं. मला बोलतानाच तो शब्द टोचला होता. वऱ्हाड उठत होतं, मुलीच्या संसाराचा प्रश्न होता, आणि तरी माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला कळलं होतं की यमकासाठी मी शब्द ओढून आणलाय. त्या कोपऱ्याची ओळख मला त्या दिवशी पटली, आणि मग मी गाणं जोडू शकते की नाही असं मी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

"मग काय पाहिजे होतं?" मी विचारलं.

आक्कानं डोळे मिटले, पुटपुटली. "याही तुम्ही मांडा खा, तिले कोरी रोटी."

"'रोटी' चांगलं आहे," मी म्हटलं. "पण 'खा' आखूड पडतं. 'याही खातस तूपमा मांडा, तिले कोरी रोटी' करा."

तिनं ते तोंडात घोळवून बघितलं, दोनदा, तीनदा, मान हलवत. मग आम्ही दोघी तिथंच, चुलवणाच्या राखेशेजारी, मांडे आणि तूप घेऊन जेवलो.

पुढच्या अखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, पहिल्याच लग्नात आम्ही पुन्हा समोरासमोर आलो. मी अजून घसा साफ करत होते, तोवर तिनं ती कोऱ्या रोटीची ओळ माझ्यावरच गायली, मी दुरुस्त करून दिलेली, जशीच्या तशी. पंगत लोळली.